टोमॅटोची रोपं दाराकडे कलतात, कुठलं हार्मोन मारू?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, फोटोही मोठा करून बघितला. बाकीच्यांना समजावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही खटाव तालुक्यात राहता. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ९८ कप्प्यांचे २० ट्रे भरून टोमॅटो टाकलाय. आज बारावा दिवस. रोपं सगळीच्या सगळी दाराच्या अंगाला कललीत. दांडी दोऱ्यासारखी बारीक, लांब आणि फिकट आहे. ट्रे फिरवून ठेवला की दोन दिवसांत परत दाराकडे तोंड. औषधाच्या दुकानात सांगितलं, "हार्मोन कमी पडलंय, जीए मारा." जीए म्हणजे द्राक्षाला मारतात ते वाढीचं हार्मोन. आणि तुम्ही विचारताय, कुठलं मारू आणि पंपाला किती.

मी पलूस तालुक्यात कृष्णाकाठी गेली २२ वर्षं रोपवाटिका चालवतो. सुरुवात उसाच्या रोपांनी केली, नंतर टोमॅटो, मिरची, फ्लॉवर, कोबी, झेंडू असं वाढत गेलं. अशी कललेली रोपं ट्रेसकट घेऊन दर हंगामात कुणी ना कुणी माझ्या दारात येतं. म्हणून उत्तर आधी देतो, कारण मागून सांगतो. काहीही मारू नका, आणि जीए तर मुळीच नको. तुमच्या रोपात हार्मोन कमी नाही. ते चोख काम करतंय म्हणूनच रोप वाकलंय. कमी आहे तो उजेड.

खरं तर तुमच्यापुढे दोन गोष्टी आहेत आणि तुम्ही त्या एकच धरल्यात. एक, रोप वाकणं. दुसरी, रोप लांबणं. वाकणं हा आजार नाही, पण लांबणं हे नुकसान आहे. ट्रे फिरवल्यानं वाकणं तेवढं झाकलं जातं, लांबणं चालूच राहतं. फोटोत काही रोपांच्या दांडीला दोन उलटसुलट वळणं दिसतात. ती तुम्ही ट्रे फिरवल्याची खूण आहे. रोप आधी दाराकडे वळलं, मग फिरवल्यावर पुन्हा दाराकडे वळलं, आणि या खटपटीत आणखी बोटभर लांबलं.

आता हे वळणं होतं कसं, ते नीट सांगतो. ते एकदा समजलं की कुठली बाटली घ्यायची आणि कुठली ठेवून द्यायची, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

घटस्थापनेला आपण पत्रावळीवर माती पसरून धान पेरतो. नऊ दिवसांत ते वीतभर होतं. पिवळसर, नाजूक, आणि सगळं एका अंगाला झुकलेलं. आमचं देवघर अंधारं आहे. घटाच्या उजव्या हाताला नंदादीप, डाव्या हाताला दार. धान दरवर्षी दाराकडे झुकतं. नंदादीप नऊ दिवस अखंड तेवतो, तोही हातभर अंतरावर, पण त्याच्याकडे धान वळत नाही. लहानपणी मी आईला याचं कारण विचारलं होतं. ती म्हणाली, "त्याला बाहेर जायचंय." उत्तर म्हणून ते काही वाईट नव्हतं. रोपाला दिशा दाखवतो तो उजेडातला निळा भाग. तेलाच्या ज्योतीत पिवळा-तांबडा भरपूर असतो, निळा अगदी थोडा. दारातून येतो तो आभाळाचा उजेड, त्यात निळा ठासून भरलेला. कोवळ्या कोंबाच्या पेशींत हा निळा उजेड ओळखणारं एक प्रथिन असतं, त्याला फोटोट्रोपिन म्हणतात. दांडीच्या कुठल्या बाजूला निळा जास्त पडतो आणि कुठल्या बाजूला कमी, हे रोपाला त्याच्यावरून कळतं.

चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी असंच धान घेऊन प्रयोग केले होते. त्यांचं धान कॅनरी गवताचं, साल १८८०. गहू, ज्वारी, गवत यांच्या अंकुरावर नळीसारखं एक म्यान असतं, पहिलं पान त्याच्या आतून वर येतं. त्या म्यानाच्या शेंड्यावर उजेड अडवणारी टोपी घातली की अंकुर सरळच वाढायचा. टोपी काढून त्याऐवजी बूड झाकलं, शेंडा उघडा ठेवला, की वाकायचा. गंमत अशी की वाक पडायचा तो शेंड्याच्या खाली. म्हणजे बघतो शेंडा आणि वळते मान. मधे काहीतरी निरोप खाली जात असला पाहिजे.

तो निरोप हॉलंडच्या फ्रिट्स वेंटनं १९२६ साली पकडला. त्यानं ओटचे अंकुर घेतले, त्यांचे शेंडे कापले आणि अगरच्या चकतीवर ठेवले. अगर म्हणजे आपण जेलीला वापरतो तो चायना ग्रास. काही वेळानं शेंडे काढून टाकले आणि त्या चकतीचा बारीक तुकडा शेंडा छाटलेल्या अंकुरावर एका कडेला ठेवला. हे सगळं अंधारात. ज्या कडेला तुकडा ठेवला ती बाजू जास्त वाढली आणि अंकुर विरुद्ध बाजूला वाकला. उजेडाची तिरीपसुद्धा नव्हती. म्हणजे शेंड्यातून चकतीत काहीतरी उतरलं होतं आणि वाढ तेच करवत होतं. त्याचं नाव ऑक्झिन, 'वाढणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ठेवलेलं.

तर ऑक्झिन तयार होतं शेंड्यात आणि कोवळ्या पानांत, आणि तिथून खाली उतरत जातं. उजेड चारी बाजूंनी सारखा असला की ते दांडीत सगळीकडे सारखं उतरतं, रोप सरळ वाढतं. उजेड एकाच बाजूनं आला की ऑक्झिन सावलीकडच्या बाजूला सरकतं. तिथल्या पेशी जास्त लांबतात. लोकांना वाटतं उजेडाकडची बाजू आखडते. तसं नाही, सावलीकडची बाजू लांबते. औत वळवताना बाहेरच्या अंगाचा बैल जास्त चालतो आणि आतला जागच्या जागी पाय टाकतो, तेव्हा औत आतल्या अंगाला वळतं. तुमच्या रोपांत बाहेरचा बैल म्हणजे भिंतीकडची बाजू. ती जास्त चालली, रोप दाराकडे वळलं.

पेशी लांबते कशी, तेही सांगतो, कारण त्यात पाण्याचा संबंध येतो. पेशीभोवती ताठ भिंत असते. ऑक्झिन पोचलं की पेशी त्या भिंतीत आम्ल सोडू लागते, भिंतीचे टाके सैल होतात, आणि आतल्या पाण्याचा दाब पेशीला लांब ताणतो. म्हणून पाण्यावाचून मलूल पडलेलं रोप वळतही नाही आणि वाढतही नाही. याच कारणानं कमी उजेडात कोकोपीट, म्हणजे ट्रेमधला नारळाच्या काथ्याचा भुसा, सतत गच्च ओलं ठेवलं की रोप भराभर लांबत सुटतं. भिंत सैल, दाब भरपूर, लांबायला कसलीच आडकाठी नाही.

याच्यातून निघणारी एक गोष्ट लक्षात ठेवा. जो भाग लांबून पक्का झाला, तो परत आखडत नाही. उद्या तुम्ही ट्रे उन्हात नेले तरी खालची वाकडी दांडी वाकडीच राहील. वरचा नवा शेंडा मात्र सरळ उभा येईल. बरेच जण चार दिवसांनी बघतात, दांडी तशीच आहे म्हणतात, आणि उपाय लागू पडला नाही असं समजून परत बाटलीकडे वळतात. बघायचं ते शेंड्याकडे.

मुळाचं गणित उलटं आहे. बी कप्प्यात कसंही पडलं, पालथं, उताणं, आडवं, तरी मूळ खाली जातं आणि कोंब वर येतो. मुळाच्या टोकाला पेशींत पिष्टाचे जड कण असतात. ते खालच्या बाजूला बसतात आणि खाली कुठं आहे हे मुळाला कळतं. मग ऑक्झिन खालच्या बाजूला गोळा होतं. पण दांडीला जेवढ्या ऑक्झिननं जोर येतो, तेवढ्यानं मुळाची वाढ थांबते. ज्या पाण्यानं ऊस तरारतो, त्याच पाण्यानं हरभरा पिवळा पडतो, तसं. मुळाची खालची बाजू रोखली जाते, वरची वाढत राहते, आणि मूळ खाली वळतं. आडव्या पडलेल्या दांडीतही ऑक्झिन खालीच गोळा होतं, पण तिथं खालची बाजू जास्त वाढते आणि शेंडा वर उठतो.

हे तुम्हाला उसात रोज बघायला मिळेल. परतीच्या पावसात वारं सुटलं की ऊस लोळतो. आठ-पंधरा दिवसांनी त्याच फडात जाऊन बघा. बूड जमिनीला टेकलेलं, पण वाढ्याकडचा भाग कोयत्यासारखा वर वळलेला. तो वळतो पेराच्या गाठीपाशी, कारण तिथल्या पेशी अजून वाढू शकतात. मधलं कांडं पक्कं झालेलं, ते वळत नाही. उसाची एक डोळ्याची टिपरी, म्हणजे कांड्याचा तुकडा, लावताना डोळा वर ठेवा म्हणतात, त्याचंही कारण हेच. डोळा खाली गेला तर कोंब मरत नाही, पण त्याला टिपरीला वळसा घालून वर यावं लागतं. त्यात दिवस जातात आणि टिपरीतलं साठवलेलं अन्न खर्ची पडतं. माझ्या ट्रेमध्ये असे कोंब मागून उगवतात आणि शेवटपर्यंत बाकीच्यांच्या मागे राहतात.

आता जीएकडे येतो. तासगाव, पलूस, मिरज या भागात द्राक्षबागायतदाराच्या घरी जीए असतंच. घड मोकळा व्हायला, मणी फुगायला ते वापरतात, आणि तिथं ते बरोबरच आहे. पण जीए म्हणजे जिबरेलिक अॅसिड, आणि त्याचं मुख्य काम पेशी लांबवणं. हे सापडलं कसं ते ऐका. जपानी भातशेतीत एक रोग होता. रोपं एकदम उंच, फिकट, बारीक व्हायची, लोळायची आणि मरायची. तिथले शेतकरी त्याला 'वेडं रोप' अशा अर्थाच्या नावानं ओळखायचे. १९२६ साली, म्हणजे वेंटनं ऑक्झिन पकडलं त्याच वर्षी, कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञानं दाखवलं की एक बुरशी जो स्राव सोडते त्यानंच रोप असं लांबतं. पुढं १९३५ मध्ये याबुता यांनी त्यातल्या पदार्थाला जिबरेलिन हे नाव दिलं. आता तुमच्या ट्रेकडे बघा. उंच, फिकट, बारीक, लोळणारी. त्यांच्यावर आणखी जीए मारायचा सल्ला तुम्हाला मिळालाय. मारलं असतं तर चार दिवसांत रोपं एकमेकांवर पडली असती. विचारून थांबलात, हे फार चांगलं केलंत.

मग कुणीतरी म्हणेल, लांबी रोखायला सीसीसी मारा. ते रोपातलं जिबरेलिन तयार होणं रोखतं आणि रोप खुजं राहतं, हे खरं आहे. मी माझ्या रोपांवर ते वापरत नाही. कोवळ्या रोपावर मात्रा थोडी चुकली तरी वाढ अडून बसते, आणि लागवडीनंतरही रोप लवकर मोकळं होत नाही. कुठलंही संजीवक घेताना लेबलवर तुमचं पीक आणि ही अवस्था लिहिली आहे का ते बघा. नसेल तर हात लावू नका.

हे सगळं मी फोटोवरून सांगतोय, म्हणून कशाकशावर अवलंबून आहे तेही मोकळेपणानं सांगायला हवं. सगळी रोपं एकाच दिशेला, आणि ती दिशा उजेडाची, एवढं असेल तर मी वर सांगितलं तेच कारण. तुमच्या फोटोत तसंच दिसतं. पण रोप जमिनीलगत, मानेपाशी आडवं पडलं असेल, तिथं दांडी पाणचट, तपकिरी आणि चिमटीत धरल्यासारखी बारीक झाली असेल, तर ती मर आहे. तो बुरशीचा रोग, तिथं उजेडाचा उपदेश पुरत नाही. पाणी तोडावं लागतं आणि बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे मुळाशी ओतणं, लागतं. रोपाची मान अजून आकड्यासारखी खाली असेल आणि पानांवर बियाची टोपी अडकली असेल, तर बहुतेक बी फार वर पडलंय किंवा वरचं कोकोपीट सुकलंय. तो आकडा मुळात चांगला असतो. रोप मातीतून मान खाली घालून वर येतं म्हणून कोवळा शेंडा खरचटत नाही. अंधारात तो आकडा टिकवून धरण्यात इथिलीन वायूचा हात असतो, आणि उजेड लागला की आकडा उलगडतो.

या इथिलीनबद्दल एक वाक्य जास्त लिहितो, कारण आपल्याकडे केळीही खूप आहेत. पिकणाऱ्या फळातून हा वायू निघतो. नेल्युबोव्ह नावाच्या रशियन संशोधकानं १९०१ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये दाखवलं, की प्रयोगशाळेतले वाटाण्याचे अंकुर आखूड, जाड आणि आडवे वाढतात ते दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनमुळे. टोमॅटो या वायूला फार हळवा आहे. पानं देठापासून खाली लोंबतात, आणि माणूस पाणी कमी पडलं समजून पाणी देत बसतो. बंद शेडमध्ये पिकत घातलेली केळी किंवा आंबे असतील तर ते बाहेर काढा.

आणि चौथी शक्यता, जिच्यापायी मी स्वतः पोळलोय. रोपं वेगवेगळ्या दिशांना पिळल्यासारखी, शेंडा दोरीसारखा वळलेला, पानं अरुंद आणि आत वळलेली दिसली, तर टू-फोर-डीचा संशय घ्या. उसातलं रुंद पानाचं तण मारायला आपण ते वापरतो. ते बनवलेलं ऑक्झिनच आहे. रोप स्वतःचं ऑक्झिन गरजेप्रमाणे मोडून टाकतं, याला मात्र सहज मोडू शकत नाही. मग वाढीचा हुकूम सुटतच राहतो, कुठलाच मेळ उरत नाही, आणि रोप पिळवटून मरतं. दहाएक वर्षांपूर्वी माझ्या एका गड्यानं उसात टू-फोर-डी मारलेला पंप दोनदा पाण्यानं खळखळून धुतला आणि त्याच पंपातून टोमॅटोच्या रोपांवर बुरशीनाशक मारलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ट्रेच्या रांगेतून चाललो होतो. पहिल्या रांगेतले शेंडे खाली वळलेले. वाटलं, ऊन लागलं. तिसऱ्या दिवशी दांड्या पिळल्या. ११,००० रोपं होती, एका शेतकऱ्याची, आगाऊ पैसे घेतलेली. सगळी उपटून पुरली, त्याला नवीन करून दिली, पण त्याची लागवड तीन आठवडे मागे गेली आणि तो भाव काही परत आला नाही. त्या दिवसापासून तणनाशकाचा पंप तांबड्या रंगानं रंगवून वेगळ्या खोलीत कुलुपात असतो. तुमच्या आजूबाजूला ऊस असेल तर वाऱ्यावर उडून येणाऱ्या फवाऱ्याचाही विचार करा. द्राक्ष, टोमॅटो, कापूस या तिघांना तो लगेच भोवतो.

इथवरचं एकदा पक्कं करून घेऊ. एकाच दिशेला कललेली आणि लांबलेली, म्हणजे उजेड. मानेपाशी कुजलेली, म्हणजे मर. पिळलेली, म्हणजे टू-फोर-डी. तुमची पहिल्या जातीची आहेत, तर आता करायचं काय?

उद्या सकाळी ट्रे शेडच्या बाहेर काढा. पण थेट दिवसभर उन्हात नको. सावलीत वाढलेली पानं कोवळी असतात, दुपारच्या उन्हानं ती पांढरी पडून करपतील. पहिल्या दिवशी सकाळचं नऊपर्यंतचं ऊन द्या, मग शेडनेटखाली किंवा विरळ सावलीत, जिथं डोक्यावर आभाळ मोकळं दिसतं अशा जागी ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन-दोन तास वाढवा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून फक्त भर दुपारी ५० टक्क्यांची जाळी. मला स्वतःला हिरव्यापेक्षा पांढरी जाळी बरी वाटते, रोपं ठेंगणी राहतात. महत्त्वाचं एवढंच की उजेड वरून आला पाहिजे. पत्र्याच्या शेडमध्ये एक दार उघडं ठेवून कितीही लख्ख वाटलं, तरी तो आपल्या डोळ्यांचा भ्रम. डोळा अंधाराला चटकन सरावतो, रोपाला तसं सरावता येत नाही. शिवाय पत्रा दुपारी तापतो, आणि कमी उजेडात उष्णता मिळाली की लांबण्याला आणखी जोर चढतो.

ट्रे एकमेकांना चिकटवून ठेवू नका. रोपं दाटली की शेजाऱ्याच्या पानातून गाळलेला उजेड रोपावर पडतो. पान लाल उजेड शोषून घेतं आणि त्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्याला जेमतेम जाणवणारा दूरचा लाल तसाच सोडून देतं. रोपातलं फायटोक्रोम नावाचं प्रथिन या दोन्हींचं प्रमाण ओळखतं. दूरचा लाल जास्त झाला की रोपाला कळतं, शेजारी दाटलेत. मग तेही ऑक्झिन आणि जिबरेलिनच्या जोरावर वर धावतं, सगळीच धावतात, आणि आठवड्यात अख्खा ट्रे लोळतो. १५ दिवसांनंतर दोन ट्रेंच्या मधे चार बोटं अंतर सोडा. मधल्या रोपांना त्यानं फार फरक पडणार नाही, पण कडेच्या रांगांना नक्की पडेल.

पाणी सकाळी द्या, एकदाच, आणि संध्याकाळी वरचा थर कोरडा झालेला दिसला पाहिजे. एकोणीस-एकोणीस हे पाण्यात विरघळणारं खत आत्ता आठवडाभर बंद ठेवा. रोप फिकट दिसतं म्हणून खत द्यायचा मोह होईल, पण हा फिकटपणा उजेडाचा आहे, उजेडानंच जाईल.

खरी पानं दोन झाली की रोज सकाळ-संध्याकाळ रोपांवरून हलक्या हातानं प्लास्टिकचा पाइप किंवा बांबूची गुळगुळीत काठी फिरवा. पानं कोरडी असताना, १०-१५ वेळा, शेंडे नुसते लवतील इतपत. वाऱ्यात डोलणारं रोप ठेंगणं आणि जाड होतं, बंद शेडमधलं होत नाही. काठीनं आपण वाऱ्याचं काम करतो. टोमॅटोत याचा फरक मला आठवड्यात दिसतो. मिरचीत तेवढा दिसला नाही. ट्रेमध्ये कुठंही मर किंवा करपा दिसत असेल तर हे करू नका, काठीबरोबर रोग सगळीकडे पसरतो.

एवढं करून ही रोपं वाया जाणार नाहीत. टोमॅटोच्या दांडीला मातीत गेल्यावर मुळं फुटतात. म्हणून लागवडीच्या वेळी लांबलेली दांडी पहिल्या दोन पानांपर्यंत खोल लावा. सरी तेवढी खोल नसेल तर रोप तिरकं, जवळजवळ आडवं झोपवून लावा, शेंडा तेवढा बाहेर. आडवं लावलेलं बघून शेजारी बोलतील, बोलू द्या. संध्याकाळी लावलंत तर दुसऱ्या दिवशी सकाळी शेंडा वर उठलेला दिसेल. मघाशी सांगितलेलं लोळलेल्या उसाचं गणित इथं तुमच्या कामाला येतं. फक्त रोपं कलम केलेली असतील तर असं करू नका, जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. कोबी, फ्लॉवर, मिरचीला ही युक्ती टोमॅटोइतकी लागू पडत नाही.

पुढच्या वेळचं आत्ताच सांगून ठेवतो, कारण माझ्या अनुभवात निम्मी रोपं इथंच बिघडतात. बी टाकून ट्रे एकावर एक रचून आपण काळ्या प्लास्टिकखाली झाकतो. ऊब मिळते, उगवण एकसारखी होते. पण ट्रे उतरवायला एक दिवस उशीर झाला की मान लांबलीच म्हणून समजा. अंधारात रोपाला एकच ठाऊक असतं, लवकर वर जा. उन्हाळ्यात माझे ट्रे तिसऱ्या दिवशी उतरतात, थंडीत चौथ्या-पाचव्या. दिवस मोजून चालत नाही. बियाणं, कोकोपीटचा ओलावा, रात्रीचा गारठा, सगळ्यानं फरक पडतो. मी दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ ढिगाच्या मधला ट्रे काढून बघतो, कारण मधे ऊब जास्त असते आणि तिथं आधी उगवतं. शंभरातल्या पाच-सात कप्प्यांत पांढरी मान वर आलेली दिसली की रात्र असो, पाऊस असो, सगळा ढीग त्याच वेळी उतरवायचा. बाकीचं बी बाहेर उगवतं, चिंता नसते.

तुमच्या ट्रेचा एक फोटो आज जमिनीच्या पातळीवरून, आडवा धरून काढून ठेवा. तसाच दुसरा चौथ्या दिवशी काढा आणि मला दोन्ही पाठवा. शेंडा किती उठला आणि नवीन पानांमधलं अंतर किती आखूड झालं, ते बघून लागवड कधी करायची ते सांगतो.